ओडीबीसीची टेस्ट पास, तरी रिपोर्ट का अडतो?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात हिशेबनीस एक्सेलवर आणि मालक पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरवर काम करत असतील, आणि दोघांना एकाच पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसमधून आकडे हवे असतील, तर ओडीबीसी, म्हणजे वेगवेगळे प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायची सामायिक पद्धत, कामाचं. नुसता पॉवर बीआय जोडायचा असेल तर त्यात पोस्टग्रेसचा स्वतंत्र कनेक्टर आहे, तोच घ्या. जेनेरिक ओडीबीसीत डायरेक्ट क्वेरी (दर वेळी थेट डेटाबेसला विचारणं) मिळत नाही, फक्त इम्पोर्ट (डेटाची प्रत आणून ठेवणं) चालतो.

डीएसएन म्हणजे नाव देऊन साठवलेली जोडणीची माहिती. त्याच्या खिडकीतलं 'टेस्ट' बटण फार थोडं सांगतं: पत्ता, पोर्ट (बहुधा ५४३२) आणि पासवर्ड बरोबर आहेत, तेही बटण दाबणाऱ्या युजरपुरते.

पहिला घोळ बिटांचा. पॉवर बीआय ६४ बिटचा आणि ऑफिसमधला जुना एक्सेल ३२ बिटचा असेल, तर दोन्ही बिटांचे ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) टाकावे लागतात. न जुळल्यास आयएम०१४ ही चूक येते. विंडोजची गंमत अशी की सिस्टम३२ फोल्डरमधला ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ६४ बिटचा असतो आणि सिसवॉव६४ मधला ३२ बिटचा. दोन्हीकडे एकाच नावाचा सिस्टम डीएसएन (मशीनवरच्या सगळ्यांना दिसणारा) करा. एकाच युजरला दिसणारा युजर डीएसएन नकोच. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेला तुमच्या डेटाबेसशी जोडणारा गेटवे स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटखाली चालतो, त्याला तुमचा युजर डीएसएन दिसत नाही. डेस्कटॉपवर नीट चाललेला रिपोर्ट रात्रीच्या रिफ्रेशला आयएम००२ (डीएसएन सापडला नाही) देऊन पडतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

बडोद्यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे लिपी. ग्राहकांच्या यादीत गुजराती नावं असतात, मधूनच देवनागरीही. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर अ‍ॅन्सी आणि युनिकोड अशा दोन रूपांत येतो, त्यातला सगळ्या लिप्या सांभाळणारा युनिकोडच निवडा. अ‍ॅन्सी घेतला तर सर्व्हर 'यूटीएफ८ मधल्या या अक्षराला विन१२५२ मध्ये जोड नाही' अशा अर्थाची चूक देतो (विन१२५२ ही विंडोजची पाश्चात्त्य अक्षरांची जुनी यादी, तिच्यात आपल्या लिप्या नाहीत). ती येते फक्त तशी ओळ समोर आली की. म्हणून इंग्रजी नावांच्या छोट्या टेबलवरची चाचणी पास होते आणि खरी यादी मध्येच कोसळते. चूक सांगणाऱ्या संदेशात त्या अक्षराचे बाइट (संगणकातले कोड) छापलेले असतात, ते वाचा. देवनागरी 'र' म्हणजे ई० ए४ बी०, गुजराती 'र' म्हणजे ई० एए बी०. दुसऱ्या बाइटवरून लिपी कळते, म्हणजे नेमकी कोणती नावं शोधायची तेही कळतं.

मोठ्या टेबलला मेमरी भरत असेल तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'यूज डिक्लेअर/फेच' चालू करा. एरवी तो सगळा निकाल एकदम आपल्या मशीनवर ओढतो. 'बूल्स अ‍ॅज चार' वरची खूण काढा, नाहीतर हो-नाहीच्या कॉलममध्ये १ आणि ० मजकूर म्हणून येतात.

शेवटी वेगाचं. पॉवर क्वेरीत (एक्सेल आणि पॉवर बीआयमधलं डेटा आणायचं साधन) टेबल निवडून लावलेला तारखेचा फिल्टर डेटाबेसपर्यंत पोचतो की नाही, हे ड्रायव्हर स्वतःच्या क्षमता काय सांगतो त्यावर ठरतं. अंदाज बांधत बसू नका. सर्व्हरवर थोडा वेळ 'लॉग स्टेटमेंट' ही सेटिंग 'ऑल' करून रिफ्रेश मारा आणि लॉग उघडा. क्वेरीत तारखेची अट दिसली तर ठीक. अख्खं टेबल मागवलेलं दिसलं, तर एसक्यूएल स्वतः लिहून अट त्यातच घाला. पाहून झालं की ती सेटिंग परत पूर्वीसारखी करा, लॉग फाइल भराभर फुगते.