टेक्श्चरच्या भिंतीची डागडुजी: ठिगळ दिसू नये म्हणून

सपाट भिंतीवरचा खड्डा बुजवणं सोपं. टेक्श्चरच्या, म्हणजे उंचसखल पोत काढलेल्या भिंतीत मात्र लांबी (पुट्टी) कितीही नीट भरली तरी बाजूचा दिवा लागला, की ठिगळ लगेच डोळ्यात भरतं. रंग तोच असतो. पोत आणि भिंतीचं रंग शोषून घेणं जुळलेलं नसतं. माझी बहुतेक मेहनत या दोन गोष्टींवर जाते, तीही रंगाचा डबा उघडण्याआधी.

पहिली शंका ओलीची. पोपडे काढून उघड्या पडलेल्या गिलाव्यावर हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवतो आणि 24 तास तसंच ठेवतो. भिंतीकडच्या अंगाला पाणी साचलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या अंगाला साचलं तर खोलीतच दमटपणा आहे. भिंतीतून येत असेल तर गळती थांबून भिंत वाळेपर्यंत पुढच्या कामाला हात लावण्यात अर्थ नाही. पांढरा लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून गिलाव्यात मुरतात आणि नव्या रंगाखालून पुन्हा वर येतात.

मग पत्र्याच्या (लांबी ओढायच्या पातळ पात्याच्या) मुठीने भिंत ठोकत जायचं आणि पोकळ वाजेल तेवढं सगळं खरवडायचं. घर बरंच जुनं असेल तर थांबा: जुन्या रंगात शिसं आणि जुन्या टेक्श्चरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय तिथे कोरडं घासणं किंवा खरवडणं नको.

भेग असेल तर ती कोरून थोडी रुंद करतो, भरतो आणि वर फायबर जाळीची पट्टी लावतो. पट्टीलाही जाडी असते, म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंचं पाचेक सेंटीमीटर टेक्श्चर आधीच उतरवावं लागतं. उघड्या गिलाव्याला प्रायमर हवाच. नाहीतर कोरडा गिलावा लांबीतलं पाणी ओढून घेतो आणि ती पुढे पापुद्र्यासारखी सुटते. लांबीचा एक थर 1 ते 1.5 मिलिमीटर, त्याहून जाड नको. खोल खड्डा एका दमात भरला की वाळताना आकसतो आणि तडकतो.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. लांबी जुन्या टेक्श्चरच्या माथ्यापर्यंत आणली जाते. ती त्याच्या तळापर्यंतच आणायची, कारण वर नव्या टेक्श्चरची जाडी चढणार असते. नाहीतर पोत हुबेहूब जुळूनही जागा फुगलेली दिसते.

पोत जुळवण्यासाठी टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा. गोलसर दाणे असतील तर काम रोलरचं, टोकं वर ओढलेली असतील तर स्पंजचं किंवा ब्रशने टिपून केलेलं, आणि माथे चपटे असतील तर वरून रुंद थापी फिरवलेली असते. थापी टेक्श्चरच्या ओल्या मालाची चमक गेल्यावर फिरवायची, साधारण 10 ते 15 मिनिटांनी. लवकर फिरवली तर माल फरफटतो, उशिरा फिरवली तर माथे तुटतात. आधी प्लायच्या तुकड्यावर करून बघा आणि तुकडा भिंतीशेजारी धरून ताडा. दुरुस्तीची कड कधीही सरळ चौकोनी ठेवू नये, सरळ रेघ नजर लगेच पकडते. माल जुन्या टेक्श्चरवर 8-10 सेंटीमीटर विरळ करत न्यावा. जुने दाणे रंगाच्या थरांनी बोथट झालेले असतात, म्हणून नवे वाळले की 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच मारतो. एवढ्यानेच फार फरक पडतो.

धूळ झटकून नव्या जागेला पुन्हा प्रायमर, आणि मग रंग अख्ख्या भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. नुसत्या ठिगळाला रंग लावला तर चमक वेगळी पडतेच. रोलर 18 मिलिमीटर लवेचा घ्या. आखूड लवेचा फक्त माथे रंगवतो, खाचा तशाच राहतात. सपाट भिंतीच्या हिशेबापेक्षा मी निदान चौथा हिस्सा जास्त रंग धरतो. शेवटचा हात वरून खाली, एकाच दिशेने, दाब न देता. फिनिश मॅटच बरी, चमकदार रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो.

उंचसखल पोतावर मास्किंग टेपखालून रंग झिरपतो. टेपच्या कडेला अ‍ॅक्रिलिक सीलंट बोटाने अगदी पातळ पुसून घ्या, वर रंग मारा आणि दोन्ही ओले असतानाच टेप ओढा. वाळल्यावर ओढली तर रंगाच्या पापुद्र्याबरोबर दाण्यांचे माथेही निघून येतात.