‘सेमच आहे हो ताई’

गणपतीच्या आदल्या रविवारी कणकवलीत एका मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य मी तीनदा ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १४ किलो. गुरुवारी डोंबिवलीत तिचा कान ठणकायला लागला, ताप १०२. डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, पडदा लालभडक आणि फुगलेला निघाला. आधीच्या दोन सर्द्यांना त्यांनी अँटिबायोटिक दिलं नव्हतं, म्हणून या वेळी लिहून दिल्यावर मी वाद घातला नाही. चिठ्ठीवर होतं: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड ड्राय सिरप ४५७, चार मिली, दिवसातून दोनदा, सात दिवस. म्हणजे चौदा डोस, ५६ मिली. बाटली येते ३० मिलीची, म्हणजे दोन बाटल्या. आमच्या खालच्या दुकानात एकच होती. ‘दुसरी उद्या घेऊन जा.’ दुसऱ्या दिवशी मी गावच्या बॅगा भरत होते. विसरले. ही चूक माझीच, ती दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

त्या दुकानदाराने मात्र मला न विचारता बाटली फोडली आणि स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी पावडरीत ओतून दिलं. असं करू देऊ नका, पावडर कोरडीच मागा. घरी पाणी उकळून पूर्ण गार करायचं. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, मग खुणेपेक्षा थोडं कमी पाणी घालून जोरात हलवायचं. फेस बसला की उरलेलं पाणी बरोबर खुणेपर्यंत. फेसासकट मोजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. एकदा कालवलं की फ्रिजमध्ये, आणि सात दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. म्हणूनच दुसरी बाटली पहिली संपेपर्यंत फोडायची नाही.

शनिवारी सकाळची दिवा-सावंतवाडी. औषधाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये, थर्मास माझ्या मांडीवर, आणि गर्दी इतकी की मांडीसुद्धा माझी राहिली नव्हती. गावी पोचेपर्यंत ताप उतरलेला. सासूबाई म्हणाल्या, ‘ताप गेलो ना गो चेडवाचो? मगे आता औषद कित्याक?’ मी नुसती हसले. त्यांच्याशी वाद घालायला अख्खा गणपती पडला होता.

रविवारी रात्रीचा डोस दिला की बाटलीत दोन मिली उरणार, म्हणजे सोमवारी सकाळचा डोस नाही. दीर आणि मी दुपारी स्कूटरवरून कणकवली गाठली. पहिलं दुकान बंद. दुसऱ्यात मखराचं सामान घेऊन निम्मा तालुका उभा. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी हातातही घेतली नाही. नाव ऐकलं, मागे वळला, खोका ठेवला.

खोक्यावर २२८.५.

‘दादा, मला ४५७ हवंय.’

‘सेमच आहे हो ताई. तीच कंपनी.’

‘मग द्यायचं किती?’

‘चिठ्ठीत लिवलाय तेवढाच. चार मिली.’

मी खोका फिरवून बारीक अक्षरं वाचली. ४५७ मध्ये पाच मिलीला ४०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि ५७ क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड. याच्यात २०० आणि २८.५. औषध तेच, पण बरोबर निम्मं. चार मिलीच दिलं असतं तर पोरीला उरलेले साडेतीन दिवस अर्धा डोस गेला असता, आणि कान परत ठणकला असता तर सगळे म्हणाले असते, या औषधाचा गुण नाही. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘सगळे हेच नेतात.’ मागच्या बाईने मला कोपराने ढोसलं. तिला फक्त पेनबाम हवा होता.

तिसऱ्या दुकानात वेगळाच प्रकार. ‘ते नाही, हे घ्या, जास्त पॉवरचं आहे.’ सेफिक्झिम, म्हणजे दुसरंच अँटिबायोटिक. त्याच्या खोक्यावर लाल चौकट होती. हे औषध शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं. २०१४ पासून अशी औषधं विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते लिहून ठेवावं लागतं, वही तीन वर्षं जपावी लागते. इथे वही सोडाच, चिठ्ठीही कुणी मागितली नाही. आणि जास्त पॉवर म्हणजे काय? अँटिबायोटिक म्हणजे मिरची नव्हे, जास्त तिखट म्हणजे जास्त चांगली असायला. ज्या जंतूसाठी दिलंय त्याला लागू पडलं पाहिजे.

दवाखान्यात फोन लावला. ‘रविवारी मॅडम नसतात.’ मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा आणि २२८ च्या खोक्याचा फोटो पाठवला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. एक टिक. मग दोन. दीर वडापाव घेऊन आले. पाऊस आला, गेला. बिलाच्या पाठीवर मी गणित मांडलं: निम्मं औषध, तर दुप्पट मिली, म्हणजे आठ. छातीठोकपणे मांडलं, पण द्यायची हिंमत होईना.

दोन तासांनी मॅडमचा फोन. ‘२२८ चालेल, आठ मिली दोनदा, दोन बाटल्या घ्या. सेफिक्झिम नको.’ माझं गणित बरोबर आलं म्हणून मी फुशारले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘पण परत असं स्वतः करू नका. १५६ चं सिरप मिळालं असतं तर?’ त्या सिरपमध्ये पाच मिलीला १२५ अमॉक्सिसिलिन आणि ३१.२५ क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड. अमॉक्सिसिलिन जुळवायला मिली वाढवले की क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड भलतंच जास्त जातं आणि पोराला हगवण लागते. माझी फुशारकी तिथेच जिरली. (आमचा आठ मिलीचा आकडाही त्या १४ किलोच्या मुलीचा आहे, तुमच्या मुलाला लावू नका.)

परत त्याच दुकानात. ‘मी म्हटलेलंच, सेमच आहे,’ तो म्हणाला. मी दोन बाटल्या घेतल्या आणि बिल मागून घेतलं. बिल द्यायला त्याने पाच मिनिटं लावली, मीही पाच मिनिटं उभी राहिले. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज त्याच्याकडूनच घेतली. झाकणावर चार मिलीची खूण नसते, आणि घरातले चमचे तर प्रत्येक सासरचे वेगळे.

पुढचं सरळ गेलं. सकाळी आठ, रात्री आठ, जेवणाच्या सुरुवातीला. मंगळवारी शी पातळ झाली, ते मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मऊ भात, ताक, पाणी. अंगावर पुरळ आलं तर औषध थांबवून फोन करा, तोंडाला सूज आली किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनची वाट न बघता दवाखाना गाठा, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. गौरींच्या आधी कोर्स संपला.

बाटलीत चारेक मिली उरलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘ठेव गं ते, बंड्या खोकतोय दोन दिवस.’ मी बाटली चहाच्या चोथ्यात उपडी केली. त्या दिवशी मोदकांच्या उकडीला त्यांनी मला बोलावलं नाही.