नळी, पिशवी आणि ‘हे काय?’ विचारणारं मूल

दीड-दोन वर्षांच्या मुलापासून जी वस्तू लपवावी, नेमकी तीच त्याला हवी असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या आईबाबांच्या घरात ती वस्तू म्हणजे बहुतेकदा कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, नाहीतर लघवीची पिशवी. ती दाखवून टाकलेली बरी, फक्त कधी आणि किती दाखवायची ते आपण ठरवायचं.

दर वेळी नवी नळी घालून लघवी काढत असाल, तर साधारण ४ ते ६ तासांनी हे काम येतंच. मूत्राशयात ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, हा सर्वसाधारण हिशेब. मूल रडतंय म्हणून तासभर पुढे ढकललं की मूत्राशय ताणलं जातं आणि संसर्गाचा धोका वाढतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर रक्तदाब एकाएकी चढू शकतो: डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम येतो. मूल मांडीवर बसल्याने पिशवीची नळी दाबली गेली, तरीही हेच होऊ शकतं. अशा वेळी मुलाला आधी खाली उतरवा, ताठ बसा, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा, नळी कुठे दुमडली आहे का बघा, मूत्राशय रिकामं करा. तरी उतार पडला नाही, तर लगेच वैद्यकीय मदत मागवा. हा क्रम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवा.

रोजची खरी गडबड मात्र हात धुण्यापाशी होते. हात धुतले, नळीचं पाकीट फोडलं आणि मग मुलाला उचलावं लागलं, की सगळं पहिल्यापासून. म्हणून मूल आधी सुरक्षित जागी, म्हणजे कठड्याच्या आत किंवा आपल्या नजरेसमोर फाटक लावलेल्या खोलीत. मग सामानाचा ट्रे ओढायचा, मग हात, पाकीट सगळ्यात शेवटी. ट्रेमध्ये एक जादा नळी कायम असू द्या. चिमुकलं बोट लागलेली नळी वापरायची नाही. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. एक खेळण्यांचा डबा फक्त याच वेळी उघडायचा आणि काम झालं की बंद करायचा. एरवी दिला की त्याची नवलाई संपते आणि मग तो उपयोगाचा राहत नाही.

‘हे काय?’ याला दर वेळी एकच उत्तर द्यावं: ‘ही आईची शू काढायची नळी. तुझी शू आपली आपण येते, आईला नळी लागते.’ एवढं पुरतं. हाताळायला एक न वापरलेली नळी द्या, पण मोठं माणूस शेजारी असतानाच, कारण लांब नळी गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. हातमोजे मात्र खेळायला अजिबात नकोत, तोंडात गेले तर श्वास अडकतो.

कायमची नळी असेल तर काळजी वेगळी. ती आत फुगवलेल्या छोट्या फुग्यावर टिकून असते, त्यामुळे हिसका बसला की मूत्रमार्गाला इजा होते. नळी मांडीला पट्टीने बांधा, पाय हलवण्यापुरता ढिलेपणा ठेवा. पिशवी पँटच्या आत आणि तिची तोटी पायाच्या आतल्या बाजूला वळवलेली असावी. तोटी फिरवायला मूल फार लवकर शिकतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: खुर्चीच्या गादीवर पडलेला खेळण्यातला ठोकळा. संवेदना नसेल तर त्यावर तासभर बसूनही कळत नाही आणि कातडीवर जखम होते. खुर्चीत येण्याआधी प्रत्येक वेळी गादीवरून हात फिरवा. मूल मांडीवर असलं की बसल्या जागेवरचा दाब हलका करायचंही राहून जातं. १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोनेक मिनिटं थांबायचं, त्यासाठी मुलाला खाली उतरवायचं.

खुर्चीवरून उतरताना-चढताना ब्रेक लावलेले आणि विजेवर चालणारी असेल तर बटण बंद. मूल फूटरेस्टवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडू शकते, मागच्या मुठीला लोंबकळलं तर मागे. चाकांच्या आऱ्यांवर झाकण बसवून घ्या, बोटं तिथेच अडकतात.

शौचाच्या वेळी मात्र एकट्याने मूल सांभाळायचं धाडस करू नये. त्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो आणि मधेच उठता येत नाही. ही वेळ दुसरं मोठं माणूस घरी असेल तेव्हाचीच ठरवावी, आणि रोज तीच पाळावी, म्हणजे पोटालाही सवय लागते. सपोझिटरी (शौचासाठी गुदद्वारात घालायची औषधाची वडी) आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या कुलपात ठेवायच्या. या गोळ्या मुलाच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

मदतनीस असतील तर आधीच ठरवून घ्या: मुलाचा प्रश्न त्यांच्याकडे गेला तरी उत्तर आईनेच किंवा बाबानेच द्यायचं. मुलाला टॉवेल आणून देण्याचं काम चालेल, पण ‘आईकडे लक्ष ठेव’ असं सांगायचं नाही. आणि अंग पुसताना दार लावायचं असेल, तर ‘आईचं अंग आहे, आता दार बंद’ एवढं सरळ सांगून लावावं.