बोलीतल्या कादंबऱ्या : चार पुस्तकांनंतरची वाचननोंद

वाचायचा क्रम : ‘बनगरवाडी’ (1955), ‘धग’ (1960), ‘पाचोळा’ आणि ‘गोतावळा’ (दोन्ही 1971). वर्षं ओळीने आली हा योगायोग. क्रम लावलाय तो बोली किती आहे यावर. आधी फक्त संवादांत, मग अख्ख्या निवेदनात. हाच क्रम उलटा लावला की पुस्तक विसाव्या पानावर मिटतं.

‘बनगरवाडी’चा निवेदक शाळामास्तर, म्हणून निवेदन प्रमाण मराठीत आणि माणदेशी बोली धनगरांच्या तोंडी. कान तयार करायला याहून चांगलं पुस्तक नाही. दोन बैठकांत संपतं, पण निदान चार कराव्यात. घाई केली की दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा कोण गेलं तेच लक्षात राहत नाही.

‘धग’मध्ये वऱ्हाडी. बाहेरचा वाचक अडतो तो अवघड शब्दांवर नव्हे, ओळखीच्या वाटणाऱ्यांवर. ‘करून राहिला’ म्हणजे ‘करतो आहे’. राहण्याशी संबंध नाही. ‘मले, तुले’ म्हणजे मला, तुला. ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा-डोया, काळा-काया. एवढं ध्यानात ठेवलं की वाट मोकळी. नायिका कौतिकची फरफट लेखक आवाज न चढवता सांगत जातो, म्हणून ती जास्त लागते. सलग वाचू नये. मन बधिर होतं आणि बारकावे निसटतात.

‘पाचोळा’त शिंप्याची बायको पारबती स्वतःच बोलते, प्रमाण मराठीचा आडोसा नाही. इथे पहिली दहा पानं मोठ्याने वाचावीत. मराठवाड्यातलं ‘करायलाय’ (करतोय) डोळ्यांना अपुरं वाटतं, कानाला लगेच कळतं.

‘गोतावळा’ला सर्वांत जास्त वेळ दिला, बैठकीला पंधराच पानं. कोल्हापुरी बोली, निवेदक शेतगडी नारबा, आणि त्याचं गणगोत म्हणजे मळ्यातली जनावरं. कथानक शोधणारा मध्यावर कंटाळतो, कारण तिथे घटनांपेक्षा दिवस आहेत : वैरण, पाणी, शेण, विणारी म्हैस. ट्रॅक्टर येतो तेव्हा त्या दिवसांचं वजन कळतं. मालकाच्या दृष्टीने सोय झाली, नारबाची माणसं गेली. चारांत मला हीच सर्वांत उंच वाटते.

शब्दांसाठी दर ओळीला कोश उघडू नये. पेन्सिलीने खूण करून पुढे जावं. बहुतेक शब्द तिसऱ्यांदा भेटले की उलगडतात. उरलेले मागच्या कोऱ्या पानावर पृष्ठांकासह लिहावेत. शेतीचे मात्र (मोट, नाडा, जू, शिवळ) आधीच कुणा शेतकऱ्याकडून समजून घ्यावेत. कोशातल्या अर्थाने शिवळ जुवात कुठे बसते ते दिसत नाही.

पुढे ‘धग’ पुन्हा, या वेळी फक्त संवाद मोठ्याने.