तोबीचा मुखवटा, आठवडा तिसरा: भोक चुकलं

तोबी म्हणजे ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेतलं मुखवटेवालं पात्र. उजव्या डोळ्यावर एकच भोक असलेला त्याचा नारिंगी मुखवटा मी कागदाच्या लगद्यातून बनवतेय. मागच्या नोंदीत लगदा वाळत घातला होता. तो वाळला. मग भोक पाडलं आणि ते चुकीच्या डोळ्यावर पाडलं.

झालं असं की मुखवटा टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलेला. ‘उजवा डोळा, उजवा डोळा’ असं घोकत मी माझ्या उजव्या हाताला खूण केली, कटर फिरवला, हौसेनं घालून बघितलं तर उजेड डाव्या डोळ्यात!

दुसरं कुठलं पात्र असतं तर चालवून घेतलं असतं. इथे नाही चालत. (‘नारुतो’ची मूळ चित्रकथा २०१४ साली संपली, त्यामुळे पुढचं बिनधास्त सांगते.) तोबी म्हणजे खरा ओबितो. लहानपणी त्याची उजवी बाजू दगडाखाली चिरडली आणि डावा डोळा त्याने काकाशी या सोबत्याला देऊन टाकला. म्हणजे त्याच्याकडे उरला फक्त उजवा. ही गोष्ट चित्रकथाकार किशिमोतोने २३९ ते २४४ या प्रकरणांत सांगून टाकली, आणि पुढे थोड्याच प्रकरणांनी अकात्सुकी या गुन्हेगार निन्जांच्या टोळीतल्या मेलेल्या सासोरीची अंगठी उचलायला एक वेंधळा मुखवटेवाला येतो, ज्याच्या मुखवट्याला नेमकं उजव्या डोळ्यावरच भोक! नावही तसंच. ‘ओबितो’तला ‘ओ’ काढा, उरलेल्या दोन अक्षरांची अदलाबदल करा. इतकं समोर ठेवून माणसाने मुखवट्यामागचा चेहरा दाखवला थेट ५९९व्या प्रकरणात. तोवर आपण याला कधी विदूषक समजलो, कधी मादारा हा जुना दंतकथेतला योद्धा.

मला अकात्सुकीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. सगळ्यांना वाटतं म्होरक्या पेन. आणि टोळीतल्याच देइदाराच्या लाथा खाणारं ते नवखं पोरगं एकांतात त्याच पेनला हुकूम सोडतं. मैत्रीण म्हणते पेनच भारी, त्याला निदान दुःख तरी खरं आहे. असेल. पण पेन व्हायला सहा देह लागतात, आमच्या घरात माणसं चार.

तर दुरुस्ती. चुकीच्या भोकाला आतून पुठ्ठा लावून ओला लगदा भरला. वाळताना आकसला आणि कडेने भेग पडली. दुसऱ्यांदा लगद्यात फेविकॉल आणि खडूची पूड घालून पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. पावसाळी हवेत एका थराला दीड दिवस, तोही पंख्याखाली. नवी खूण मात्र मुखवटा तोंडावर चढवून, धाकट्या भावाच्या हातात पेन्सिल देऊन करून घेतली. किडीसाठी लगद्यात मेथीची पूड घातली होती. मुखवटा घातला की मेथीच्या लाडवांचा वास येतो. जगाचा शत्रू आणि मेथीचे लाडू.

मुखवट्यावरच्या आवर्ताच्या रेषा त्या भोकाभोवतीच फिरतात, त्यामुळे जुनं सगळं रेखाटन पुसावं लागलं. पेन्सिलीला दोरा बांधून बघितला, पण गालाच्या उतारावर तो घसरतो. मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या वळवत नेल्या तेव्हा कुठे जमलं. टेप एकदम वळवू नका, सुरकुतते.

मुखवटा घालून घरभर फिरूनही पाहिलं. एका डोळ्याने अंतर कळत नाही. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. तोबी असता तर आरपार गेला असता.

भाऊ म्हणाला, “ताई, दोन्ही भोकं ठेव की. युद्धातला मुखवटा दोन भोकांचाच आहे.” बरोबर आहे, तोवर डाव्या खोबणीत नागातोचा (पेनचे देह चालवणाऱ्याचा) रिन्नेगान हा शक्तिशाली डोळा बसलेला असतो. पण तो मुखवटा नारिंगी नाही, आणि तो घालणारा वेडेपणाचं सोंग टाकून मोकळा झालेला. मला सोंगातलाच हवाय.

सध्या बुजवलेल्या डोळ्याचा शेवटचा थर ओला आहे. उद्या १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग पांढरा हात. नारिंगीत पिवळा किती मिसळायचा यावर अजून भांडण चालू आहे; कोणी रंगवला असेल तर प्रमाण सांगा.