सही जुळेना म्हणून अडलेली एफडी

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत ऑफिसर आहे आणि मला स्वतःला आरए (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) आहे, म्हणजे संधिवातातला तो प्रकार ज्यात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. हे आधीच सांगून टाकतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जून महिना, मृग लागलेला, एक चांगला पाऊस पडून गेलेला. अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायला पैसे पाहिजे, त्यात पीककर्जाचं नवं-जुनं करणारे, जुनं फेडून नवं घेणारे, म्हणजे लाईन पार गेटच्या बाहेर. त्या गर्दीत एक बाई आल्या, पंचेचाळीसच्या आसपास असतील, गावात ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे त्यांचं. एफडी मोडायची होती. पोरगी दहावी झाली, अकरावीला लातूरला टाकायची, क्लासची आणि हॉस्टेलची फी लगेच भरायची होती, नाहीतर सीट जाते म्हणे.

आमच्या क्लार्कनं पावतीच्या मागं सही घेतली आणि सिस्टीममधली नमुना सही उघडली. जुनी सही वळणदार, प्रत्येक वेलांटी जागेवर, खाली एक लांब रेघ. समोरची सही म्हणजे सुटी सुटी अक्षरं, दोन ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलेला. तो म्हणाला परत करा. परत केली, अजून बिघडली. मग त्यानं मागच्याच आठवड्यातला त्यांचा चेक काढला, त्यावर सही एकदम बरोबर. झालं, आता संशय पक्का. "बाई, आठ दिवसापूर्वी तर नीट केली की सही, आठ दिवसात हात बदलला का तुमचा?" मागून लाईनमधून एकजण म्हणला, दुकानात तर दिवसभर मशीन मारती. दुसरा म्हणला, बाई बाजूला व्हा, आमचा नंबर जाऊ द्या.

बाई एवढंच म्हणल्या, "आज हात धरलाय हो." आणि गप्प बसल्या. पुढं काही बोलल्याच नाहीत, वाद नाही, रडणं नाही. मला ते गप्प बसणं ओळखीचं वाटलं म्हणून मी खुर्चीवरून उठलो.

जवळ गेल्यावर पहिले त्यांचे हात बघितले. पासबुक बोटात नव्हतं धरलेलं, दोन्ही तळहातांमध्ये दाबून धरलं होतं. बोटांच्या मुळाशी जे सांधे असतात ते दोन्ही हाताचे सारखेच सुजलेले, मूठ वळल्यावर दोन हाडांमध्ये जो खळगा दिसतो तो भरून गेलेला. पेन अंगठ्यात न धरता पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात घातलेला. मी पण वाईट दिवशी असाच धरतो, कुणी शिकवत नाही ते, हात स्वतःच शोधून काढतो. मी विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळ मूठ वळत नाही तुमची?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "नऊ-साडेनऊ वाजतेत साहेब. च्याचा कप दोन्ही हातानं धरते. तुमाला कसं ठावं?" म्हणलं मला पण हेच आहे. आता त्या दिवशी माझा हात चांगला होता, सूज नाही काही नाही, दाखवायला काहीच नव्हतं. पण त्यांनी लगेच मान्य केलं, पुरावा मागितला नाही. माझ्या ऑफिसात, माझ्या घरात एवढं सहज कुणी मान्य केलेलं मला आठवत नाही.

थोडं माझं सांगतो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या लागतात, एक माझ्याकडं एक दुसऱ्या ऑफिसरकडं, दोघांनी मिळून उघडायची. मागं एका थंडीत सकाळी मला माझी चावी फिरवताच येईना. चावी कुलपात, मनगट जागचं हलत नाही, आणि बाजूला उभे असलेले सहकारी म्हणतात, "अहो जोर लावा की, काल संध्याकाळी तर एका हातानं बंद केली तुम्ही." खरंच केली होती. आदल्या दिवशी बाईकवर आलो होतो, बायकोसोबत बाजार केला होता, पिशव्या उचलल्या होत्या. रात्री झोपताना सुद्धा काही नव्हतं. आणि सकाळी शर्टाची बटणं बायकोनं लावून दिली. हे लोकांना कसं पटवायचं? मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असतो, महिनाभर तसाच दिसतो, कुणी शंका घेत नाही. इथं मंगळवारी हात गेला आणि शुक्रवारी परत आला, मग मंगळवारची सुट्टी लोकांना खोटीच वाटणार. ढग आले की दुखतं का, वांगं खाल्लं की दुखतं का, असं सगळे विचारतात. माझं असं काहीच ठरलेलं नाही. कोरड्या उन्हात पण हात धरलाय आणि भर पावसात भिजून सुद्धा काही झालेलं नाही.

त्यात माझा आरए फॅक्टर, म्हणजे या आजारासाठी रक्तात बघतात तो, निगेटिव्ह. बऱ्याच पेशंटचा निगेटिव्ह येतो, डॉक्टर सूज बघून, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो ते विचारून आणि बाकीच्या टेस्ट मिळून निदान करतात, पण घरी भावकीत बातमी अशी गेली की रिपोर्ट नॉर्मल आहे. मग तरण्याताठ्या माणसाला कसला आलाय वात, ही तर म्हाताऱ्यांची दुखणी, खुर्चीवर बसून बसून झालं असंल, रानात काम केलं असतं तर झालं नसतं. एरंडेल घे, निरगुडीचा शेक घे, लसूण खा. माणसं वाईट नाहीत, काळजीनंच सांगतात, आमची आई तर आजपण निरगुडीचा पाला आणून ठेवते आणि गरम शेकानं थोडं बरं वाटतं हे पण खरंय. पण विश्वास न ठेवता केलेली काळजी फार थकवते माणसाला.

तर त्या दिवशी प्रकरण मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेलं. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं हे पण सांगितलं पाहिजे. उद्या दुसरंच कुणी असल्या वाकड्यातिकड्या सहीवर बाईंचे पैसे काढून नेले तर जबाबदार कोण? सही जुळवणं हे बाईंच्याच पैशाच्या राखणीसाठी आहे. ते म्हणाले, मग नवीन नमुना सही घेऊन टाका, आजची. मी म्हणलं साहेब, आजची घेतली तर पुढच्या आठवड्यात हाताची सूज उतरली की त्या परत जुनी वळणदार सही करतील आणि ती जुळणार नाही. दोन्ही सह्या त्यांच्याच आहेत. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत.

नियम आहे याच्यासाठी, आणि तो बँकेत काम करणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात नसतो. आजारी, म्हाताऱ्या किंवा अक्षम खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार पाहिजेत, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठा उमटवता येत नसेल तर पायाचा अंगठा पण चालतो, तेही जमत नसेल तर नुसती खूण, साक्षीदार तसेच दोन. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक सेवेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण अंगठा म्हणलं की आपल्याकडं निरक्षर माणूस एवढंच डोक्यात येतं, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी अंगठा लागू शकतो ही कल्पनाच कुणी करत नाही. बाईंना पण ते लागलं. म्हणल्या, "साहेब, मी दहावी शिकलेली हाय, अंगठा नका लावायला लावू." मी म्हणलं ताई, हा शिक्षणाचा अंगठा नाही, आजच्या दिवसाचा आहे. तरी त्या जरा वेळ तशाच बसल्या. मग म्हणल्या, लेकरासाठी लावते.

एक साक्षीदार मी झालो. दुसरा म्हणून समोरच्या मेडिकलवाल्याला बोलावलं, त्याचं चालू खातं आमच्याचकडं आहे. तो आला आणि बाईंना बघून सगळ्यांसमोर म्हणला, "यांच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या की, दोन-तीन महिने झाले नेल्याच नाहीत." तेव्हा कळलं की गोळ्या बंद केल्या होत्या. मधे बरं वाटत होतं, घरच्यांनी म्हणलं चांगली दिसतेस की आता, कशाला गरम गोळ्या खातीस. मेथोट्रेक्सेट होती, आरएची नेहमीची गोळी, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, सोबत फॉलिक ॲसिड आणि मधून मधून रक्त तपासून बघायचं. आणि तिचा असर दिसायला आठवडे लागतात, त्यामुळं बंद करून परत सुरू करणं म्हणजे मधले सगळे महिने अंगावर काढणं. लोकांनी दुखणं खरं मानलं नाही की माणूस स्वतःपण ते मानायचं सोडून देतो आणि गोळी सुटते. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

अंगठा घ्यायला पण वेळ गेला. अंगठ्याचा सांधा वाकत नव्हता म्हणून शाईच्या पॅडवर सपाट टेकेना, मी पॅडच उचलून त्यांच्या अंगठ्याला लावलं, कागद पुठ्ठ्यावर ठेवून पुठ्ठा वर धरला. एफडी मोडली, पैसे बचत खात्यात आले, तिथून एनईएफटी करून लातूरला गेले. लाईनमधले ओरडत होते अन् क्लार्क मान खाली घालून नोंद करत होता.

बाईंनी जाताना विचारलं, अपंगाचं सर्टिफिकेट काढलं तर बँकेत त्रास होणार नाही का. त्याचं पण उत्तर सोपं नाही. अपंगांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात संधिवात असं वेगळं नाव नाही. सांधे वाकून कायमचं व्यंग आलं तर अस्थिव्यंगात टक्केवारी मोजतात आणि बऱ्याच सवलतींना 40 टक्के लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला तिथं रकाना नाही. बोटं वाकली की कागद मिळणार, आणि बोटं वाकू नयेत म्हणून तर औषध घ्यायचं. मी त्यांना सांगितलं, सर्टिफिकेटचं नंतर बघू, आधी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा, जुने कागद घेऊन जा, आणि हात सुजलेत त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरला दाखवायच्या दिवशी हात नेमका चांगला असतो, माझं तसंच होतं.

नंतर एकदा त्या आल्या चेक घेऊन. गोळ्या सुरू झाल्या होत्या. सही तीच, जुनी, खालच्या रेघेसकट. आमच्या क्लार्कनं सही बघितली, माझ्याकडं वळून हळूच म्हणला, "सर, आज तर एकदम जुळली, मग त्या दिवशीचं..." मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. म्हणलं त्या दिवशीचं पण खरं आणि आजचं पण खरं, ताईंना विचार सकाळी किती वाजता उठल्या आणि मशीनवर किती वाजता बसल्या. त्यानं खरंच विचारलं. आणि बाई पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या काउंटरवर, की पाचला उठते पण कात्री साडेआठनंतर हातात घेते, गिऱ्हाइकाला वाटतं आळशी हाय.

त्यांच्या खात्यावर आम्ही शेरा टाकलाय, की खातेदाराला संधिवात आहे, हाताच्या त्रासामुळं सही वेगळी येऊ शकते, अशा वेळी नियमानुसार साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा. साहेबांनीच टाकायला सांगितला. त्यांची आता बदली आहे, नवीन साहेब येतील, तो क्लार्क पण प्रमोशनवर जाईल, म्हणून त्या नियमाची प्रिंट मी काउंटरच्या खणात ठेवलीय, आणि एक स्ट्राँगरूमच्या रजिस्टरला पिन करून, कारण माझी चावी पण परत कधीतरी अडणार आहे.