टॉवर ब्रिजशेजारच्या नौकेच्या पोटात

लंडनला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या फोटोंत ‘बेलफास्ट’ असते. टॉवर ब्रिजच्या फोटोत एका बाजूला निळ्या-राखाडी ठिगळांची, आता संग्रहालय झालेली युद्धनौका नांगरलेली दिसते, तीच ही. आत मात्र आपली माणसं क्वचित जातात. नदीपलीकडे टॉवर ऑफ लंडन आहे, तिथे कोहिनूर आहे, आणि पौंडाला रुपयांनी गुणत फिरणारा माणूस दोन्ही तिकिटं काढत नाही. मी कोहिनूर सोडला.

लंडन ब्रिज स्टेशनवर उतरून हेज गॅलेरियाच्या कमानीखालून नदीवर आलं की समोर १८७ मीटर लांबीचं हे धूड. १९३८ मध्ये बेलफास्ट शहरातल्या हारलँड अँड वोल्फ गोदीत, म्हणजे जिथे टायटॅनिक बांधली तिथेच, ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, पाण्यात सोडली गेली. युद्ध सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन चुंबकीय पाणसुरुंगाने तिचा कणा मोडला. दुरुस्ती १९४२ च्या अखेरपर्यंत चालली. पण गोदीतून बाहेर आली ती आधीपेक्षा वजनदार होऊन, आणि नवं रडार घेऊन. हे रडार पुढे महत्त्वाचं ठरलं.

डेकवर गर्दी पुढच्या तोफांपाशी असते. दोन टरेटमधल्या, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांमधल्या, या सहा तोफांचा नेम सुमारे २० किलोमीटरवरच्या एम-वन महामार्गावरच्या लंडन गेटवे या थांब्यावर धरलेला आहे. लोकांना पल्ला कळावा म्हणून. ट्रकचालक तिथे चहा पीत असतील, त्यांना कल्पनाही नसेल. ब्रिटिशांची विनोदबुद्धी मला इथे आवडली. खाली उतरल्यावर तिची आठवण राहिली नाही.

खाली म्हणजे खरंच खाली. लोखंडी शिड्या इतक्या उभ्या की शिडीकडे तोंड करून, पाठमोरं उतरावं लागतं. वरून येणारा उजेड एका मजल्यातच संपतो. समुद्री युद्ध म्हटलं की दुर्बीण लावून उभा असलेला कॅप्टन डोळ्यांसमोर येतो. या नौकेवर साडेसातशेहून जास्त माणसं होती आणि त्यांतल्या मूठभरांनाच शत्रू दिसत असे. बाकीचे बंद झडपांआड आपापल्या पोलादी खोलीत. त्यांना लढाई फक्त ऐकू यायची, आणि पायाखालच्या पत्र्यातून जाणवायची.

आर्क्टिकच्या दिवसांतली खलाशांची खोली पुन्हा तशीच मांडून ठेवली आहे. छताच्या आकड्यांना झोळ्या अडकवलेल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. त्यांच्याखालीच जेवणाची टेबलं. खाणं, पत्ते, पत्रं, झोप, सगळं तिथेच. शिपायांचे मेणाचे पुतळे मला एरवी सहन होत नाहीत, इथलेही जरा जास्तच गुलाबी गालांचे आहेत. पण वासासाठी कोणी पुतळा करू शकत नाही: ओली लोकर, तंबाखू, तेल, आणि वारं आत घ्यायला एकही खिडकी उघडता येत नाही. १९४१ ते १९४५ या काळात रशियाला रणगाडे, विमानं, धान्य पोचवणारे ७८ ताफे आर्क्टिक समुद्रातून गेले. डेकवर उडालेलं पाणी जागीच गोठायचं. तो बर्फ कुऱ्हाडी-हातोड्यांनी फोडून काढणं हे रोजचं काम, कारण वरचा भार वाढला की जहाज कलंडायची भीती. पाळीवर मिळायचा तो दाट कोको आणि दिवसाची ठरलेली रम. रमची ही प्रथा ब्रिटिश नौदलाने १९७० पर्यंत चालवली.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो तोफांचं गणित करणाऱ्या खोलीत. पाण्याच्या पातळीखाली, चिलखती पत्र्याआड. मधोमध एक भलंमोठं यंत्र, कपाटाएवढं रुंद, त्याला चाकं, मुठी, तबकड्या. आपला वेग, आपली दिशा, शत्रूचं अंतर, वारा, हे सगळं हाताने फिरवून त्यात घालायचं, आणि तोफा कुठे व किती उंच धरायच्या ते उत्तर टरेटकडे जायचं. हे यंत्र चालवत कोण? रॉयल मरीन्सचा, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिकदलाचा, बँड. बंदरात कवायतीला क्लॅरिनेट वाजवणारी माणसं लढाईत इथे बसायची. वरातीतल्या बँडवाल्यांना त्रिकोणमिती सोडवायला लावावी तसं. हसू येतं. मग आकडा कळतो: दुसऱ्या महायुद्धात मरीन्सच्या बँडचे २२५ वादक मारले गेले, एकूण वादकांच्या जवळपास चौथा हिस्सा. नौका बुडू लागली की इतक्या खालून वर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

२६ डिसेंबर १९४३. नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडे, जिथे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही, ‘शार्नहोर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका एका ताफ्याच्या मागावर निघाली होती. सकाळी ८.४० ला बेलफास्टच्या रडारला ती दिसली, सुमारे ३२ किलोमीटरवर. डोळ्यांनी कोणालाही काही दिसत नव्हतं. ‘नॉरफोक’ या ब्रिटिश क्रूझरच्या एका गोळ्याने शार्नहोर्स्टचं पुढचं रडार उडवलं आणि ती आंधळी झाली. बेलफास्टने दिवसभर तिचा माग सोडला नाही. संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास बेलफास्टने आकाशात प्रकाशगोळे सोडले, तेव्हा शार्नहोर्स्टच्या तोफा अजून सरळ रेषेत, बेसावध होत्या. ब्रिटिश अ‍ॅडमिरल फ्रेझर यांच्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या युद्धनौकेने मारा सुरू केला. पावणेआठला शार्नहोर्स्ट बुडाली. तिच्यावरच्या १,९६८ जणांपैकी ३६ वाचले. त्या रात्री फ्रेझर यांनी आपल्या अधिकाऱ्यांना जे सांगितलं त्याचा आशय असा की, कधी आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य शत्रूशी लढायची वेळ आली, तर शार्नहोर्स्टसारखं लढा.

या लढाईतली सगळ्यात प्रसिद्ध मृत मात्र ओल्गा आहे. ओल्गा म्हणजे रेनडिअर. सोव्हिएत नौदलाने ती बेलफास्टवरच्या अ‍ॅडमिरल बर्नेट यांना भेट दिली होती आणि बेलफास्टवरच्या विमानांच्या रिकाम्या हँगरमध्ये तिला ठेवलं होतं. तोफांच्या आवाजाने ती इतकी बिथरली की शेवटी तिला गोळी घालावी लागली. माझ्या पुढच्या कुटुंबातली मुलगी तिच्यासाठी खरोखर हळहळली. शार्नहोर्स्टच्या १,९३२ जणांसाठी कोणी थांबलेलं मला दिसलं नाही. मुलीचा दोष नाही, ओल्गाला नाव आहे.

दारूगोळ्याच्या कोठारात गोळे ओळीने उभे आहेत, एकेक पन्नास किलोंहून जड. गोळा वेगळ्या वाटेने वर जाणार, स्फोटक दारू वेगळ्या. ही काटेकोर व्यवस्था रक्त सांडून शिकलेली आहे. ३१ मे १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, जर्मनांशी झालेल्या जटलंडच्या समुद्री लढाईत ‘लायन’ या ब्रिटिश नौकेच्या मधल्या टरेटवर गोळा आदळला. ही टरेट मरीन्सकडे होती. मोठ्या नौकांवर एखादी टरेट मरीन्सनी चालवायची जुनी रीत. मेजर फ्रान्सिस हार्वी प्राणघातक जखमी असतानाही त्यांनी खालच्या दारूच्या कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला. काही वेळाने आगीचा लोळ टरेटमधून खाली धावला. पण कोठार पाण्याखाली होतं आणि नौका वाचली. त्याच दिवशी ‘इनडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन ब्रिटिश नौकांचे स्फोट होऊन तुकडे झाले. हार्वींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोठाराची दारं आतून लावून घेणाऱ्यांना पदक मिळाल्याचं कुठे वाचलं नाही.

बॉयलरखोली आणि इंजिनखोली चटकन पाहून झाली. पाइपांचं जंगल आहे, इंजिनिअर मंडळींना तिथून ओढून बाहेर काढावं लागेल.

वर येताना मला सारखी ‘आयएनएस मैसूर’ आठवत होती. पूर्वी ती ‘एचएमएस नायजेरिया’ होती, तीही अशीच सहा इंची तोफांची क्रूझर, तीही आर्क्टिकमध्ये फिरलेली. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाच्या ताफ्याबरोबर असताना इटालियन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला, पन्नासावर खलाशी गेले. १९५७ मध्ये ती भारतीय नौदलात आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरच्या कारवाईत ती होती, आणि १९७१ च्या युद्धात मुंबईच्या पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका. १९८५ ला निवृत्त झाली आणि भंगारात गेली. तीच गत २०१४ मध्ये जुन्या ‘विक्रांत’ची, जी आधी काही वर्षं मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. तेव्हा आपले नौसैनिक ज्या क्रूझरवर राबले, तशी क्रूझर आतून पाहायची तर सध्या थेम्सवरच जावं लागतं. गेलात तर निदान अर्धा दिवस ठेवा, गुडघे दुखत असतील तर वरचे मजलेच पाहा, आणि डोकं सांभाळा. दारांच्या चौकटी आपल्या उंचीलाही कमी पडतात.